जंपर म्हणजे मंजुळाबाई

मी फायनल पास आहे. हे आजकाल कोणाला सांगितलं की तो विचारतो, "कशाची फायनल, नाना?" माझा नातू तर एकदा म्हणाला, "मग कोण जिंकलं?" आता काय सांगू त्याला! आमच्या वेळी फायनल एकच, सातवीची. ती पास झालेला माणूस गल्लीतून निघाला की लोक ओट्यावरचे पाय खाली घेत. आज तोच शब्द नातवाच्या तोंडी क्रिकेटचा झाला आणि दलालाच्या तोंडी प्लॉटचा. "सौदा फायनल," म्हणतो तो, आणि कोणी पाय खाली घेत नाही.

मला ह्या शब्दांची मोठी गंमत वाटते. साहेब गेला आपल्या देशी, पण त्याचे शब्द आपल्याकडे राहिले, नव्या सुनेसारखे. आधी पदर सावरून कोपऱ्यात उभे. मग हळूच चुलीपाशी गेले. आणि एक दिवस बघतो तर घर त्यांच्याच मताने चाललेलं!

आमच्या वनाच्या घरचीच गोष्ट ऐका. वना माझा शेजारी, माझ्यासारखाच ओट्यावर बसून दिवस काढणारा. त्याची सून बाळंतपणाला माहेरी गेलेली. घरी फोन वाजला. वनाच्या बायकोने उचलला. पलीकडून एक पोरगा म्हणतो, "डिलिव्हरी आहे, घर कुठे?" ती म्हणाली, "डिलिव्हरी आठे कशी व्हई, भाऊ? सून ते माहेरले शे, आनि आजून दोन महिना बाकी शेतस." तो बिचारा म्हणतो, "आजी, चप्पल आहे." ह्या गोष्टीवर आम्ही अख्खा उन्हाळा हसलो. वनाची बायको अजून माझ्याशी नीट बोलत नाही.

असे माझ्यापाशी पोतंभर शब्द आहेत. पण आज एकच सांगायला बसलो आहे, आणि तो हसून सांगता येईल की नाही, माहीत नाही. शब्द आहे जंपर.

आमच्या लहानपणी झंपर म्हणजे बायकांचं पोलकं. गावातला पहिला झंपर शिंप्याने पाटलांच्या सुनेला शिवला, तेव्हा बायका दुपारचं पाणी भरायचं सोडून तो बघायला गेल्या होत्या. पुढे ब्लाउज आला आणि झंपर म्हाताऱ्यांच्या तोंडात उरला. मला वाटलं, संपला हा शब्द. तर तो वीस-पंचवीस वर्षांनी खांबावर चढून बसलेला मला सापडला. आणि तिथे तो मला दाखवला सुकदेवने.

सुकदेव माझ्या समोरच्या घरातला. माझ्याहून सहा-सात वर्षांनी लहान. उंच, काटकुळा, मान जरा पुढे काढून चालणारा. तो बोर्डात लाईनमन होता. बोर्ड म्हणजे आमच्याकडे विजेचं खातं, दुसरं काही नाही. एकदा वादळानंतर तो खांबावरून उतरला, तेव्हा मी विचारलं, "काय झालं होतं रे?" तो म्हणाला, "जंपर सुटेल व्हता, नाना." मग त्याने मला वर बोट करून दाखवलं. खांबावर दोन तारा येतात, पण एकमेकींना भेटत नाहीत. त्यांना जोडणारा वायरचा आखूड तुकडा असतो, तो जंपर. तो सुटला की खांब जागेवर, तारा जागेवर, सगळं ताठ उभं, आणि पलीकडचं गाव अंधारात.

शाळेत सुकदेव चौथीच्या पुढे गेला नाही. त्याचं सगळं इंग्रजी बोर्डाचं. पण आवाज असा, की शेताच्या ह्या बांधावरून हाक मारली तर गिरणा नदीपलीकडच्या बैलाने मान वर करावी. त्या आवाजाला तीन गावं मानत. का, ते ऐका.

लाईनमन खांबावर चढायच्या आधी उपकेंद्रातल्या ऑपरेटरला फोन करतो, "परमिट द्या." ऑपरेटर लाईन बंद करतो. आता ज्याने परमिट घेतलं त्यानेच ते परत करायचं, स्वतःच्या तोंडाने. तोवर कोणाच्याही सांगण्यावरून लाईन सोडायची नाही, असा नेम. एका लग्नात वरात दारात आली आणि लाईट गेली. सुकदेव खांबावर. नवरीच्या मामाला दम निघेना. सुकदेवचा फोन त्याच्या सायकलच्या पिशवीत होता, तो ह्या मामाने उचलला आणि ऑपरेटरला ठणकावलं, "झालं काम, सोडा लाईट!" ऑपरेटर म्हणाला, "हा सुकदेवचा आवाज नाही," आणि फोन ठेवला. सुकदेव खाली आला, त्याला हे कळलं. रागावला नाही. हात पुसत मामाला म्हणाला, "मामा, एकच मांडवमा लगीन बी व्हतं नि मयत बी. खर्च वाचता तुमना."

असा माणूस. तीन गावांना पटेल असं बोलणारा. आणि घरात? घरात त्याला बायकोला हाक मारता येत नसे.

आता तुम्ही म्हणाल, त्यात काय विशेष, आमच्या पिढीत कोण मारत होतं! खरं आहे. नवऱ्याने बायकोचं नाव घ्यायचं नाही, बायकोने नवऱ्याचं तर नाहीच नाही. एकदा लग्नाच्या पंगतीत उखाण्यात काय घेतलं असेल तेवढं. पण सुकदेवने तेही घेतलं नव्हतं. मी त्या पंगतीत होतो. मंजुळाबाईने खणखणीत उखाणा घेतला. मग सगळे ह्याच्या मागे लागले. ह्याने काय करावं? अख्खी जिलबी तोंडात कोंबली आणि हाताने खूण केली, तोंड भरलंय. तिच्या बहिणी वाट बघत बसल्या, तर ह्याने दुसरी कोंबली.

तेव्हापासून ती आधी "अवं" होती, आणि लेक झाल्यावर "पुनमनी माय". मंजुळाबाई बुटकी, गोल, दिवसभर तोंड चालू. म्हशीशी बोलेल, भिंतीशी बोलेल. एकदा मला म्हणाली होती, "नाना, माले माहेर सोडीसन मनं नाव कोनी लिधंच नही. मी बी भुली जासू एक दिन." हसत म्हणाली होती. मीही हसलो होतो.

मागच्या वर्षी कापूस वेचणीच्या दिवसांत सुकदेव सकाळी आरशासमोर दाढी करत बसला होता. हातातून वस्तरा पडला. तो उचलायला वाकला तो उठला नाही. धुळ्याला दवाखान्यात नेलं. जीव वाचला. उजवा हात आणि पाय निम्मे गेले, आणि वाचा गेली. डॉक्टरांनी पुनमला समजावलं. पुनम धुळ्यालाच असते, कॉलेजच्या ऑफिसात कामाला. डॉक्टर म्हणाले, त्यांना बऱ्यापैकी समजतं, पण बोलायला जावं तर शब्द हाताशी येत नाही. काही शब्द राहतात, कोणते राहतील ते कोणी सांगू शकत नाही.

सुकदेवचे तीन राहिले. आई गेली, देव गेला, लेकीचं नाव गेलं. राहिले ते बोर्डाचे तीन. परमिट, ट्रिप, म्हणजे लाईन आपोआप बंद पडणं, आणि जंपर.

घरी आणलं त्या दिवशी आम्ही सगळे ओट्यावर जमलो. त्याला खुर्चीत बसवलं होतं. तो आमच्याकडे बघत म्हणाला, "परमिट." पुन्हा, जरा चिडून, "परमिट!"

वना म्हणाला, "पारोळानी परमिट रूम याद यी ऱ्हायनी भाऊले!"

आतून मंजुळाबाई कडाडली, "वना भाऊ, ती तुमले याद येस. ह्यासले कधी बी नही!"

ती चहा घेऊनच बाहेर आली. बशीत ओतून त्याच्या ओठांना लावला. तो प्यायला. झालं, परमिट म्हणजे चहा ठरला. मला तर भारी वाटलं. लहानपणी परमिट म्हणजे लग्नाच्या साखरेचा कागद होता, मग हायवेवरची दारूची खोली झाली, आता चहा! म्हणजे फिरून पुन्हा साखरेपाशी आलाच म्हणायचा. मी हे सगळ्यांना सांगितलं. वना म्हणाला, "नाना, गप्प बसाना काय लेशात?"

ट्रिप म्हणजे आधी संडास होता. पंधरा दिवसांनी ट्रिप म्हणजे बाहेर ओट्यावर ने, असं झालं. मग एकदा मी आणि वना फार बडबड करत होतो, तर तो आमच्याकडे बघून जोरात "ट्रिप!" म्हणाला, आणि मंजुळाबाई आम्हाला म्हणाली, "उठा आते. तुमले जा म्हनी ऱ्हायनात." हे तिला कसं कळायचं, देव जाणे. ती सकाळी उठून आधी त्याचं तोंड बघे, जसं कोणी आभाळ बघावं तसं. "कालनी ट्रिप नि आजनी ट्रिप एक नही, नाना," मला म्हणे. मी जन्मभर बसून जे बघितलं, शब्दाचं रूप पालटताना, ते ह्या घरात आठवड्या-आठवड्याला होत होतं.

आणि जंपर? तो तिसऱ्या दिवशी कळला. ती म्हशीला चारा टाकायला मागे गेली, तर हा ओट्यावरून ओरडायला लागला, "जंपर! जंपर!" मी पाणी दिलं, नको. वनाने उशी दिली, ती फेकली. मंजुळाबाई धावत आली, तशी गप्प झाला. ती मागे गेली की पुन्हा "जंपर!" आली की गप्प. तीनदा असं झालं. वना माझ्याकडे बघतोय, मी वनाकडे बघतोय. ती मध्ये उभी, हाताला कडबा चिकटलेला.

"माले म्हनी ऱ्हायनात का?" तिने विचारलं.

त्याने मान हलवली. नीट हलवता येत नव्हती, पण हलवली.

गल्लीतल्या बायकांना मात्र आयतंच मिळालं. म्हाताऱ्या बायकांना तो झंपर आठवला. "काय माय, तुना धनी भर चौकमा झंपर झंपर बोंबली ऱ्हायनात, आपले ते लाज वाटस!" असं नळावर चालायचं. मंजुळाबाईने एक दिवस हंडा खाली ठेवला आणि सगळ्यांना सुनावलं, "हसा, हसा. तुमना नवरा तुमले काय म्हनीसन बलावतस? अवं. मना धनी माले नाव लिसन बलावतस."

त्यानंतर नळावर कोणी हसलं नाही. ती मात्र बदलली. हाक आली की पदर नीट करून जायची. हातातलं काम टाकून जायची. कधी कधी मुद्दाम मागे जाऊन बसायची, हाक येईस्तोवर. मला दिसायचं ना समोरून! गोठ्याच्या भिंतीला टेकून, काही काम नसताना, नुसती बसलेली. मग ओट्यावरून "जंपर!" आणि ही तरण्या पोरीसारखी उठलेली.

पुनम दर रविवारी यायची. तिचं म्हणणं असं, की बाबांना धुळ्यात एका केंद्रात ठेवू, तिथे चालायला शिकवतात, बोलायला शिकवतात. उशीर झाला तर मग काही परत येत नाही. तिचं खरं होतं. मंजुळाबाई पण नाही म्हणाली नाही. म्हणाली, "पाय चालना ते बरंच शे." केंद्राची अट एकच होती, पहिला महिना घरच्यांनी भेटायचं नाही. तिथे बोलायचं शिकवणारी विधी नावाची मुलगी होती, धुळ्यातल्या एका कापड दुकानदार मारवाड्याची लेक, मोठ्या शहरात शिकून आलेली. तिने पुनमला कारण सांगितलं होतं. घरच्यांना सगळं न सांगताच कळतं, म्हणून पेशंट शब्द शोधायचे थांबवतो. ऐकायला कडू, पण चुकीचं कसं म्हणणार?

त्याला पोचवायला पुनम आणि मंजुळाबाई गाडीने गेल्या. महिना मंजुळाबाईने कसा काढला, मी समोरून बघितलं. चहा दोन कपच टाकायची. म्हशीशी बोलणंसुद्धा कमी झालं. महिना झाला, केंद्रातून निरोप आला, या. पुनमला त्या दिवशी सुट्टी नव्हती, म्हणून सोबतीला मी निघालो.

भडगावहून पारोळा, पारोळ्याहून धुळे. तिने ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरी आणि भरीत बांधून घेतलं होतं. नवं लुगडं नेसली होती. बसमध्ये खिडकीशी बसून ती मला म्हणाली, "नाना, एक गंमत सांगू? त्या विधीले मी शब्द सांगी उनू. परमिट म्हंजे चहा. ट्रिप म्हंजे भाईर. ती पोरगी सांगे, आजून काय म्हनतस? मी सांगं, बस, इतलंच."

"आणि जंपर?"

तिने पदर तोंडाला लावला. "तो कसा सांगू? परका मानससमोर, मना धनी मनं नाव असं लेतस म्हनीसन? माले ते लाजच वाटनी." मग जरा वेळाने म्हणाली, "तो आमना घरना शे. आते जाईसन आयकसू."

पारोळा सोडल्यावर ती डबा मांडीवर दोन्ही हातांनी धरून बसली. ती कशासाठी चालली होती, ते मला कळत होतं. तिच्या नवऱ्याला बघायला, हे खरंच. पण त्याच्याआधी तिला ती हाक ऐकायची होती.

केंद्र स्वच्छ, मोठ्या खिडक्यांचं. सुकदेव खुर्चीत बसला होता, दाढी केलेली, केस विंचरलेले. बरा दिसत होता. आम्हाला बघितल्यावर त्याच्या तोंडाची एक बाजू हसली. विधी पुढे आली. बारीक, चष्मा लावलेली, हसरी. "आजी, बघा हं," म्हणाली, आणि त्याला वॉकर दिला. तो उठला! चार-पाच पावलं टाकून दाखवली. मंजुळाबाईने दोन्ही हात जोडले, कोणाला ते तिचं तिला माहीत.

तो पुन्हा खुर्चीत बसला. दमला होता. तोंडातून थोडी लाळ आली. त्याने मान वर केली आणि म्हणाला, "जंपर."

मंजुळाबाई उठलीच. पदर नीट केला, पुढे झाली. पण तिच्याआधी विधी पुढे झाली होती. तिने टेबलावरचा नॅपकिन उचलला, त्याचं तोंड पुसलं, त्याच्या डाव्या हातात दिला. तो शांत झाला. नॅपकिन मुठीत धरून बसला.

विधी आनंदाने म्हणाली, "हा शब्द तुम्ही सांगितला नव्हता, आजी. आम्हीच शोधला. पहिल्या दिवशी ते सारखं जंपर, जंपर म्हणत होते. दारापर्यंत जायला बघायचे. आम्ही एकेक वस्तू दाखवत गेलो. पाणी, चष्मा, चादर. कशालाच हो म्हणेनात. शेवटी नॅपकिन दिला, तर घेतला आणि गप्प झाले. आता बरोबर मागतात."

मंजुळाबाई मध्येच उभी होती. खुर्ची मागे, तो पुढे.

"रडी ऱ्हायंतात का त्या?" तिने विचारलं. "पहिले दिन?"

विधी म्हणाली, "हो, आजी. पहिल्या दिवशी सगळेच रडतात. डोळे पुसायलाच तर दिला होता."

मंजुळाबाई खुर्चीवर येऊन बसली. डबा पुन्हा मांडीवर घेतला. मला काही तरी बोलायला हवं होतं. मी जन्मभर बोलतोच आहे. पण त्या मुलीला काय सांगू? ती चांगलीच होती. तिने महिनाभर त्याला पाऊल टाकायला शिकवलं होतं. तिच्याकडून काही चुकलं नव्हतं. आणि आता सांगून तरी काय, नॅपकिन त्याच्या हातातून काढून घेऊ?

जंपर म्हणजे कोण, ते मी सांगितलंच मात्र. हळूच, बाजूला घेऊन. विधीचं तोंड उतरलं. ती परत आली आणि मंजुळाबाईपाशी गुडघ्यावर बसली. "आजी, आज आपण तुमचं नाव घेऊन बघू. खरं नाव. चालेल?"

"नवरा नाव लेस का कधी, बेटा?" मंजुळाबाई म्हणाली. पण उठली. त्याच्या समोर जाऊन बसली, गुडघ्याला गुडघा लागेल अशी.

विधी म्हणाली, "बाबा, माझ्या ओठांकडे बघा. मं. मं-जु."

त्याने बघितलं. ओठ मिटले. गळ्यातून घरघर आली. चेहरा लाल झाला. मंजुळाबाई त्याच्याकडे बघत स्वतःचे ओठ हलवत होती, जशी आई घास भरवताना हलवते. त्याने खूप जोर लावला. मग डोळे मिटले आणि म्हणाला, "ट्रिप."

"भाईर जानं शे त्यासले," मंजुळाबाई म्हणाली.

"इथे ट्रिप म्हणजे टीव्ही लावा," विधी म्हणाली.

टीव्ही लावला. त्याने तोंड फिरवलं. दार उघडलं. बाहेर बघितलंच नाही. "ट्रिप," तो म्हणाला, जोरात. त्याचा तो आवाज, तो अजून होता. पलीकडच्या खोलीतला माणूस दारात येऊन बघायला लागला. मंजुळाबाईने डबा उघडला, भरीत बोटाने त्याच्या तोंडाशी नेलं. खाल्लं. तिने पाणी दिलं. प्यायला. विधीने शाल दिली, ती अंगावर घेतली. आणि पुन्हा म्हणाला, "ट्रिप," आता हळू, जसा माणूस शेवटची हाक मारून बघतो.

मंजुळाबाईच्या हातात द्यायला काही उरलं नाही. तिने हात पुढे केला, रिकामाच. त्याने नॅपकिन मांडीवर टाकला आणि तो हात धरला. आणि गप्प झाला.

"बघा, आजी!" विधीच्या डोळ्यांत पाणी आलं. "तुमचा हात हवा होता त्यांना!"

मंजुळाबाईने तिच्याकडे बघितलं, मायेने, आणि मान हलवली. "नही बेटा. त्यासले जे दिधं ते त्या लेतस. पानी दिधं, पानी लिधं. शाल दिधी, शाल लिधी." मग तिने मान माझ्याकडे वळवली. "नाना, तुमले इतला शब्द माहीत शेतस. एक सांगा. त्या दिन घर, ओटावर, पहिलांदाव जंपर म्हननात, ते माले म्हननात का? का मी समोर हुभी व्हती म्हनीसन मी लिधं?"

मी सुकदेवकडे बघितलं. तो माझ्याकडे बघत होता. त्याला हा प्रश्न कळला असणार, डॉक्टर म्हणाले होते बऱ्यापैकी समजतं. त्याला उत्तरही माहीत असणार. त्या खोलीत ते फक्त त्यालाच माहीत होतं.

"मान हलवली होती ना त्याने," मी म्हणालो.

"नॅपकिनले बी हालवतस," ती म्हणाली.

भेटीची वेळ संपल्याची घंटा झाली. विधी दारापर्यंत गेली आणि आम्हाला उठवायला आलेल्या शिपायाला तिने हाताने थांबवलं. पारोळ्याची गाडी चुकणार होती. मंजुळाबाई तशीच बसून होती, गुडघ्याला गुडघा लावून. तिच्या बोटांना भरीत लागलेलं होतं, ते त्याच्याही हाताला लागलं होतं. त्याने हात सोडला नव्हता, आणि तिनेही काढून घेतला नव्हता.